घरगुती सर्व्हरसाठी छोटा मिनी पीसी पुरेसा पडतो का?

चौघांच्या कुटुंबाचे फोटो, कागदपत्रे आणि काही चित्रपट घरच्या सर्व्हरवर ठेवायचे आहेत, त्यासाठी तळहाताएवढा मिनी पीसी घ्यावा की मोठ्या पेटीचा टॉवर संगणक जुळवावा, असे आपण विचारले आहे. पुण्यातील आमच्या घरी मी गेली काही वर्षे अशा लहान यंत्रावरच सर्व्हर चालवतो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की हा निर्णय प्रोसेसरकडे नव्हे, तर डिस्ककडे पाहून घ्यावा.

प्रोसेसरची चिंता आता फारशी उरलेली नाही. २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० या चिपमध्ये चार कोअर आहेत, तिची टीडीपी (उष्णतेच्या हिशेबाने ठरवलेली वीजमर्यादा) अवघी ६ वॅट आहे, आणि फोटोंसाठी इमिच, चित्रपटांसाठी जेलीफिन व जाहिराती अडवण्यासाठी पाय-होल ही तिन्ही कामे ती एकाच वेळी निभावते. व्हिडिओचे ट्रान्सकोडिंग, म्हणजे पाहणाऱ्या उपकरणाला चालेल अशा स्वरूपात रूपांतर, चिपमधील स्वतंत्र भागावर होत असल्याने त्याचा मुख्य कोअरवर फारसा भार पडत नाही. रास्पबेरी पाय ५ या एका सर्किट बोर्डाच्या छोट्या संगणकात मात्र एच.२६४ या व्हिडिओ स्वरूपात रूपांतर करणारा स्वतंत्र भाग (एन्कोडर) नाही, त्यामुळे तेच काम त्याच्या कोअरना करावे लागते. चित्रपट पाहायचे असतील तर मी तो सुचवणार नाही. मेमरीच्या बाबतीत एन१०० ची अधिकृत मर्यादा १६ जीबी आहे. प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरवर चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रातील वेगवेगळे आभासी संगणक) चालवण्याचा विचार असेल, तर कार्यालयांतून निघालेला, मेमरीचे दोन स्लॉट असलेला वापरलेला मिनी पीसी अधिक उपयोगी पडेल.

विजेचा हिशेब लहान यंत्राच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे. चोवीस तास सरासरी १० वॅट घेणारा मिनी पीसी महिन्याला सुमारे ७ युनिट वापरतो, तर ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप ४३ युनिट. वर्षाचा फरक ४३८ युनिटांचा होतो, म्हणजे युनिटला १० रुपये धरले तरी सुमारे ४,४०० रुपये. शिवाय वीज गेल्यावर हा भार इतका कमी असतो, की राउटरसह माझे यंत्र साध्या यूपीएसवर पाऊण तास सहज चालते.

खरी अडचण जागेची आहे. अशा पेटीत साधारणपणे एक एम.२ एसएसडी (पट्टीसारखी चिपची डिस्क) आणि फार तर एक अडीच इंची डिस्क बसते. साडेतीन इंची डिस्कला जागाही नसते आणि तिला लागणारा १२ व्होल्टचा पुरवठाही नसतो. मग बहुतेक जण करतात तेच मीही केले: यूएसबीने दोन बाह्य डिस्क जोडल्या आणि त्यांचा मिरर केला, म्हणजे तीच माहिती दोन्हींवर एकाच वेळी लिहिली जाईल अशी जोडी. काही महिने सारे सुरळीत चालले. नंतर मोठी फाइल उतरवताना डिस्कच्या पेटीतील यूएसबी-साटा अडॅप्टर (डिस्कची साटा ही थेट जोडणी यूएसबीत बदलणारा भाग) मध्येच रीसेट होऊ लागला, एक डिस्क मिररमधून बाहेर पडली, ती परत जोडून पुनर्बांधणी सुरू असतानाच दुसरीही क्षणभर नाहीशी झाली आणि फाइल सिस्टीम केवळ वाचण्यापुरती उरली. फोटो वाचले ते फक्त वेगळ्या डिस्कवर प्रत होती म्हणून. डिस्क दोन्ही निर्दोष होत्या. दोष मधल्या जोडणीत होता. म्हणूनच यूएसबी डिस्क रात्रीच्या बॅकअपसाठी मी आजही आनंदाने वापरतो, पण सतत चालणाऱ्या मिररसाठी ती वापरू नका, असे आपल्याला कळकळीने सांगतो.

तेव्हा आधी चौघांच्या फोनमधील आणि जुन्या लॅपटॉपमधील साठ्याची बेरीज करा. ती दोन-तीन टीबीच्या आत असेल, तर ४ टीबीची एक एसएसडी आत बसवलेला मिनी पीसी घ्या आणि बाहेरील डिस्कवर रोज रात्री प्रत काढा. बेरीज आठ-दहा टीबीकडे जात असेल, तर साटा जोडणी असलेला टॉवर किंवा चार कप्प्यांचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची तयार पेटी) घ्या. वाढीव वीजबिल सोसावे लागले तरी चालेल. मिरर असला तरी बॅकअप हवाच, कारण चुकून पुसलेला फोटो मिररमधील दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो. आमच्या घरची एक डिस्क भावाकडे असते आणि दर दोन महिन्यांनी आम्ही तिची अदलाबदल करतो.

घराबाहेरून फोटो पाहायचे असतील, तर आपल्या इंटरनेट जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो का, हे आधी विचारून घ्या. अनेक जोडण्यांवर तो मिळत नाही, आणि मग राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. अशा वेळी वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीच्या तंत्रावर आधारलेले टेलस्केल हे सॉफ्टवेअर काम भागवते. ही अडचण टॉवर घेतला तरी तशीच राहते, त्यामुळे तिच्यावरून यंत्र निवडू नका.

उन्हाळ्याची काळजी मात्र घ्या. पंखा नसलेली पेटी बंद कपाटात ठेवली, तर एप्रिल-मे महिन्यांत आतील एसएसडी तापून मंदावते. आमची पेटी आता भिंतीवरील उघड्या फळीवर, राउटरपासून वीतभर अंतरावर असते.