वाचकांचे प्रश्न : बंद लॅपटॉपमधले चालू भाग

उन्हाळ्यात माळे आवरताना खाली आलेल्या जुन्या लॅपटॉप-टॅबलेटांविषयी या वेळी इतकी पत्रे आली आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. बहुतेक पत्रांत कंपनीचे नाव, खरेदीचे साल आणि मोजलेली किंमत तपशीलवार लिहिली आहे. परंतु ज्या भागाविषयी विचारले आहे त्याच्या पाठीवर छापलेला क्रमांक एकाही पत्रात नाही. वास्तविक अर्धे उत्तर त्या क्रमांकातच असते. म्हणून तो कोठे शोधावा हे पुढे पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे, त्याचा वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेला देणगीदाखल मिळालेला १५.६ इंची लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात छप्पर गळून भिजला व बंद पडला. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेल्याचे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. पडदा मात्र शाबूत आहे. मुलांना नकाशे, चित्रे दाखवण्यासाठी तो वापरता येईल काय?
— एक शिक्षिका, जांबोटी परिसर, तालुका खानापूर

उत्तर : येईल, मात्र लॅपटॉपमधून सोडवलेला पडदा एकटा काहीच करू शकत नाही. बाहेरून आलेले चित्र त्याला समजेल अशा रूपात पोहोचवणारा आणि मागच्या प्रकाशाला वीज देणारा वेगळा कंट्रोलर बोर्ड त्याला लागतो. टीव्ही दुरुस्त करणारे अशाच एका प्रकाराला 'युनिव्हर्सल बोर्ड' म्हणतात. हा बोर्ड लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नये, कारण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या कारखान्यांचे पडदे बसवलेले असतात. लॅपटॉपची बॅटरी आधी काढून ठेवावी, पडद्याभोवतीची प्लास्टिकची चौकट जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद उचकटावी, बाजूचे स्क्रू सोडवावेत आणि पॅनेल, म्हणजे सुटा झालेला पडदा, मऊ फडक्यावर पालथे घालावे. बारकोडाजवळ 'एलपी १५६ डब्ल्यूएच २' अशा धर्तीचा क्रमांक दिसेल. त्यातील १५६ म्हणजे १५.६ इंच, १४ इंची पडद्याच्या क्रमांकात त्या जागी बहुधा १४० असते. संपूर्ण क्रमांक, शेवटची अक्षरे व आकडे यांसह, उतरवून घ्यावा आणि बोर्ड विकणाऱ्याला तोच सांगावा.

येथे एक फसवी जागा आहे. पॅनेलपर्यंत चित्र पोहोचवण्याच्या एलव्हीडीएस आणि ईडीपी अशा दोन पद्धती आहेत. जुन्या एलईडी पॅनेलांना बहुधा ४० पिनांचा एलव्हीडीएस जोड असतो आणि नंतरच्यांना ३० पिनांचा ईडीपी. एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही. परंतु त्याहूनही जुन्या, आत बारीक ट्यूबलाइट असलेल्या अनेक पॅनेलांचा जोडही ३० पिनांचाच, पण एलव्हीडीएस असतो, त्यामुळे नुसत्या पिना मोजून खरेदी केली की पैसे बुडतात. ट्यूबवाले पॅनेल निघाले तर तो नादच सोडावा, कारण त्या नळीत पारा असतो आणि ती पेटवणाऱ्या पट्टीवर शेकडो व्होल्टचा दाब असतो; शाळेत अशी वस्तू नको.

युनिव्हर्सल बोर्डावर पॅनेलला ३.३, ५ की १२ व्होल्ट द्यायचे हे ठरवणारी एक छोटी टोपी, म्हणजे जम्पर, असतो. लॅपटॉपच्या पॅनेलसाठी तो ३.३ वर हवा. माझ्या हातून एक चांगले पॅनेल असेच गेले आहे : जम्पर १२ वर राहिला होता, अडॅप्टर जोडताच पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यानंतर तो कधीच उजळला नाही. तसेच जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर हाताशी आहे म्हणून तो १२ व्होल्टच्या बोर्डाला लावू नये. पिन नेमकी बसते, आणि घात तेथेच होतो.

शक्यतो पेन ड्राइव्हवरून चित्रे व चित्रफिती थेट दाखवणारा बोर्ड घ्यावा, म्हणजे दुसरा संगणक लागणार नाही. पुष्कळशा मोबाइलमधून एचडीएमआय केबलने चित्र बाहेर येतच नाही. पडदा उघडा ठेवल्यास त्याच्या कडा सहज दुखावतात, म्हणून फोटोफ्रेम करणाऱ्याकडून लाकडी चौकट किंवा बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याचे काम करणाऱ्याकडून पेटी करून घ्यावी आणि बोर्ड मागे मोकळ्या हवेत बसवावा. आपल्याकडच्या पावसात जोडांवर हिरवट थर चढतो; तो ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने व मऊ ब्रशने पुसावा. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचे मिळते, पण त्यात पाणी असते.

मात्र इतके करूनही हा पडदा आठ-दहा मुलांपुरताच आहे, पूर्ण वर्गाला तो पुरणार नाही. बोर्ड, अडॅप्टर आणि चौकट यांच्या खर्चात वापरलेला मोठा मॉनिटर मिळत असेल, तर तोच घ्यावा असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्याकडे लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सुमारे ३० सेल आहेत. वीज गेल्यावर घरात व खालच्या तंबाखूच्या वखारीत दिवे लागावेत म्हणून त्यांचा मोठा पॅक करावा, असा विचार आहे. कसा जोडावा?
— एक तरुण वाचक, निपाणी

उत्तर : वखारीसाठी जोडूच नये. हे उत्तर आपणास आवडणार नाही, म्हणून कारण सविस्तर देतो.

आपल्या हाती असलेले सेल बहुधा १८६५० या मापाचे आहेत, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. लॅपटॉपची बॅटरी 'गेली' म्हणतात तेव्हा आतल्या सहा सेलांपैकी अनेकदा एखादी जोडीच खरोखर मेलेली असते, हे खरे आहे. परंतु उरलेले सेलही एकसारखे नसतात. कोणाची क्षमता निम्म्यावर आलेली असते, तर कोणी स्वस्थ पडूनच रिता होतो. असे सेल एकामागे एक जोडले की दुबळा सेल आधी पूर्ण भरतो व आधी पूर्ण रिकामा होतो, बाकीचे त्याला मर्यादेपलीकडे ढकलतात, आणि आगीचा आरंभ तेथून होतो. वाळलेल्या पानांच्या थप्प्यांशेजारी हा धोका पत्करण्याजोगा नाही. वखारीसाठी नवीन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा तयार दिवा घ्यावा. त्यातील रसायन तापले तरी इतक्या सहज भडकत नाही.

घरात एकेका सेलचा छोटा दिवा करावयाचा असेल तर मात्र हरकत नाही, आणि त्यासाठी सेल निवडून घ्यावेत. मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दिसणारा सेल सरळ बाद करावा. इतक्या खोलवर रिता झालेल्या सेलमध्ये आतील तांबे विरघळू लागते, आणि तो पुन्हा भरताना तेच तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट करते. म्हणून 'जोर देऊन' जागा केलेला सेल हा सर्वांत वाईट. उरलेले सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरून आठवडाभर बाजूला ठेवावेत. जो लक्षणीय उतरला तो बाद, जो भरताना हाताला गरम लागला तोही बाद. चार्जिंग शहाबादी फरशीवर, आपण जागे असताना आणि अंथरुणापासून दूर करावे.

आता सेलच्या वरच्या टोकाकडे नीट पाहावे. मधली टोपी धन आहे, परंतु संपूर्ण डबा, अगदी टोपीभोवतीच्या काठासकट, ऋण आहे. दोहोंमध्ये तांदळाच्या दाण्याएवढेच अंतर असते आणि ते राखते केवळ रंगीत प्लास्टिकचे वेष्टण व खालची कागदी चकती. जुन्या पॅकमधून पट्ट्या ओढून काढताना हे वेष्टण नेमके तेथेच फाटते. फाटलेल्या सेलला नवे वेष्टण व चकती चढवल्याशिवाय तो खिशात किंवा डब्यात टाकू नये. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नये. होल्डर वापरावा आणि भरण्यासाठी टीपी ४०५६ चिपचे चार्जिंग मॉड्यूल, तेही संरक्षणाची सोय असलेलेच, घ्यावे.

मिळणार किती, तेही मोजून पाहू. नवा असताना २२०० मिलिअँपिअर-तासांचा असलेला सेल आता १३०० वर आला असेल, तर ३.६ व्होल्टने गुणून सुमारे ४.७ वॅट-तास होतात, म्हणजे ३ वॅटचा दिवा सव्वा-दीड तास. रात्री स्वयंपाकघरापुरते तेवढे पुरे.

प्रश्न : लॅपटॉप सुरू होत नाही. त्यात मुलीच्या लग्नाचे सर्व फोटो आहेत. ते परत मिळतील काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : डिस्क चांगली असेल तर मिळतील. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते; साटा ही डिस्क जोडण्याची एक पद्धत आहे. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडता येणाऱ्या डबीत, बसवली की दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हसारखी उघडते. च्युइंग गमच्या पट्टीसारखा एसएसडी असेल तर घाई करू नये. टोकाला एक खाच असलेला बहुधा एनव्हीएमई या दुसऱ्या पद्धतीचा आणि दोन खाचांचा बहुधा साटा असतो, पण लेबल वाचूनच त्याला साजेशी केसिंग घ्यावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये, प्रत्येक प्रयत्नात फोटो कमी होत जातात.

एक अडचण आधी कोणी सांगत नाही. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज स्वतःहून डिस्कला कुलूप घालून ठेवते, आणि दुसऱ्या संगणकावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. लॅपटॉप प्रथम सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले होते त्यात ती बहुधा जतन केलेली असते. ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर तर उघडून दिले नव्हते ना, हे आधी आठवून पाहावे.

प्रश्न : २०२० मध्ये नातवाच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला टॅबलेट आता भजने ऐकण्यासाठी सतत चार्जरला लावून ठेवतो. त्याची पाठ एका कडेला उचलली गेली आहे. चिकटपट्टी लावून चालेल काय?
— एक ज्येष्ठ वाचक, संकेश्वर

उत्तर : चिकटपट्टी लावू नये, आणि आजपासून तो चार्जरलाही लावू नये. आतील चपटी बॅटरी वायू धरून फुगली आहे व तीच पाठ उचलत आहे. दाबून बसवण्याचा प्रयत्न केल्यास किंवा टोकदार वस्तू लागल्यास ती पेट घेऊ शकते. टॅबलेट अजून सुरू होत असेल तर त्यातील फोटो प्रथम उतरवून घ्यावेत, कारण त्याची साठवण मुख्य बोर्डावरच डागलेली असते व वेगळी काढता येत नाही. मग जाणत्या माणसाकडून बॅटरी बदलून घ्यावी. तिच्यावर छापलेला क्रमांक जुळलाच पाहिजे, आकार जुळणे पुरेसे नाही. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर बहुतेक टॅबलेट चालत नाहीत. नवी बॅटरी बसवल्यावर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असल्यास ती लावावी, नसल्यास भजन संपले की चार्जर काढावा.

प्रश्न : एका लॅपटॉपची रॅम दुसऱ्यात चालते काय?
— एक विद्यार्थी, येळ्ळूर

उत्तर : पिढी तीच असेल तर. लेबलवरचा आकडा पिढी सांगतो. 'पीसी ३' असल्यास ती १.५ व्होल्टची आणि 'पीसी ३ एल' असल्यास १.३५ व्होल्टची, दुसरी सहसा दोन्हीकडे चालते, पहिली नाही. 'पीसी ४' ची खाचच निराळ्या जागी असते, ती जोर लावून बसवू नये.

प्रश्न : कामाचे भाग काढून झाले. उरलेली बॅटरी, खराब हार्ड डिस्क व तारा भंगारवाल्याला द्याव्यात काय? मी शिवणकाम करतो, त्यातले काही माझ्या कामी येईल का?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ॲल्युमिनियमचे तुकडे व तांब्याची उष्णतावाहक नळी भंगारात द्यायला हरकत नाही; बॅटरी मात्र अजिबात नाही, कारण वजनाखाली किंवा दाबयंत्रात ती फुटते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती व सर्किट बोर्ड कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवाकेंद्रातही विचारून पाहावे.

हार्ड डिस्क मात्र टाकू नका. तिच्यात वाचणारी सुई हलवण्यासाठी निओडायमियमचे चुंबक असते, नखाएवढे पण अतिशय जोरदार. झाकणाचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे असतात, त्यांना टॉर्क्स पाना लागतो. लॅपटॉपच्या डिस्कमधील चकती बहुधा काचेची असते आणि वाकवली की तिचे बारीक बारीक तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा व चकतीला हात लावू नये. चुंबक त्याच्या धातूच्या पट्टीसकटच ठेवावे, कारण सुटे केल्यास ते ठिसूळ असते. हृदयासाठी पेसमेकर बसवलेल्या माणसाने ते हाताळू नये. एरवी फडक्यात गुंडाळून मशीनखालच्या जमिनीवरून फिरवले की हरवलेल्या सुया व टाचण्या त्याला येऊन चिकटतात, आणि फडके उलटे केले की त्या डबीत पडतात.