स्टिरिओटाइप, भेदभाव, वर्णद्वेष: कुठे कोणता शब्द?

प्रश्न असा आलाय की हिंदी सिनेमात मोलकरीण दाखवली की ती मराठीच, नऊवारी नेसलेली आणि मोडकंतोडकं हिंदी बोलणारी, तर याला मराठीत भेदभाव म्हणायचं, वर्णद्वेष म्हणायचं का वंशवाद?

माझं मत, तिन्ही नाही. हा झाला साचा. म्हणजे स्टिरिओटाइप. पण त्याच साच्यापायी एखाद्या मराठी नटीला ऑडिशनलाच सांगितलं की तुम्हाला कामवालीचाच रोल मिळेल, तर तिथून पुढे भेदभाव सुरू.

काहीजण 'ठोकळेबाज प्रतिमा' लिहितात, तेही चालतं, पण मला साचा जास्त आवडतो कारण मूळ इंग्रजी शब्दच छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांवरून, साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून अख्ख्या पानाची एकसंध प्लेट करायची, मग त्यातला एकही खिळा सुटा बदलता येत नाही, तेच पान छापत बसा. माणसांच्या बाबतीत तो शब्द रुळवला अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी, १९२२ साली. आणि साचा कौतुकाचाही असतो बरं का, "मारवाडी म्हणजे धंद्यात हुशारच" हाही साचाच, मग त्या घरातल्या पोराला चित्रं काढायची असली तर बसा बोंबलत.

मानसशास्त्रवाले समजूत, भावना आणि कृती अशा तीन गोष्टी वेगळ्या धरतात. भाड्याने फ्लॅट शोधताना एका फोनमध्ये तिन्ही भेटतात. "आडनाव काय म्हणालात?" मग जरा शांतता. "हे लोक रोज मटण शिजवणार" ही समजूत, म्हणजे साचा. "नको बाई, उगाच कटकट" हा पूर्वग्रह. आणि "अहो तो फ्लॅट कालच गेला" हा भेदभाव, फ्लॅट अजून रिकामाच असतो. पहिल्या दोन गोष्टी डोक्यात राहिल्या तर समोरच्याला कळतही नाहीत, तिसरीमुळे त्याला घर मिळत नाही. म्हणून तिन्हींना सरसकट भेदभाव लिहू नये.

या तिसऱ्या गोष्टीला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप धार धरून आणि दुसऱ्याला नुसता हात फिरवल्यासारखं, असं वाढणं. दुजाभाव, सापत्नभाव हेही आहेत, पण त्यांच्यात 'भाव' आहे, पंक्तिप्रपंचात वाढणाऱ्याचा हात दिसतो.

आता रेसिझम. पेपरवाले सवयीने वर्णद्वेष लिहितात आणि माझी खरी तक्रार इथेच आहे, कारण द्वेष म्हटलं की सगळं प्रकरण कुणा एका माणसाच्या मनात जाऊन बसतं, तो माणूस म्हणतो माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही, विषय संपला. पण मनात काही नसतानाही हे चालू शकतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला, पारधी, कैकाडी अशा जमातीच्या जमाती जन्मानेच संशयित ठरल्या, नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. तिथे रोज हजेरी घेणाऱ्या कारकुनाला कुणाचा द्वेष वाटायची गरजच नव्हती, रजिस्टरमध्ये टिकमार्क केली की झालं. १९५२ मध्ये कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या, साचा मात्र राहिला, चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जीप जाते हे गावाकडे कुणालाही विचारा.

म्हणून अशा व्यवस्थेला मी वंशवाद लिहितो आणि वर्णद्वेष शब्द खरोखर द्वेष असेल तिथे ठेवतो. हिंदीत वंशवाद म्हणजे राजकारणातली घराणी, पण आपल्याकडे त्याला घराणेशाही आहे, त्यामुळे घोटाळा होत नाही. वर्णचा घोटाळा मात्र होतो, कातडीचा रंगही वर्ण आणि चातुर्वर्ण्यातलाही वर्ण. जातिभेद म्हणजे वंशवादच का हा वेगळाच विषय आहे, २००१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी डर्बन परिषदेत त्यावर जोरदार वाद झाला आणि भारत सरकार नाही म्हणत होतं. बाबासाहेबांनीही १९३६ सालीच जात म्हणजे वंश ही कल्पना खोडून काढली होती, अर्थात जातीला सूट द्यायला नव्हे.

राहिला मायक्रोॲग्रेशन, म्हणजे बोलता बोलता, बहुतेकदा नकळत, समोरच्याला परकं ठरवणारा छोटासा अपमान, हा शब्द काढला चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी, १९७० साली. चार पिढ्या कोल्हापुरात काढलेल्या मुसलमान माणसाला "अरे वा, मराठी किती छान बोलता!" म्हणणं, तो प्रकार. काहीजण याला टोमणा म्हणतात ते मला पटत नाही, टोमणा मारणारा मुद्दाम मारतो आणि इथे बोलणारा खरोखर कौतुकच करत असतो. 'टोचणी'ही नको, ती आपल्याकडे स्वतःच्याच मनाला लागते. चांगला शब्द मिळेपर्यंत मायक्रोॲग्रेशनच लिहा, कुणाच्या बोलीत काही असलं तर कळवा.