चौघांचं प्रोजेक्ट, जुळवताना मात्र एकटाच

प्रश्न : सर, मी लातूरला कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे. ग्रुप प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं मोंढ्यातल्या आडत दुकानाचं बिलिंग जावामध्ये करायलोत. एकानं लॉगिन घेतलं, एकानं स्क्रीन, एकानं डेटाबेस आणि उरलेलं सगळं माझ्या गळ्यात. आता जोडायला बसलो तर काहीच जुळंना, माझा शेतकरी दुसऱ्याच्या कोडात कस्टमर आहे. सबमिशनला तीन आठवडे राहिलेत, सगळं मीच परत लिहून काढू का?

उत्तर : नको. तू लिहिशील रे, पण व्हायवाला बाकीचे तिघं छताकडं बघत बसतील आणि ग्रुप प्रोजेक्ट कशासाठी दिलं होतं तेच राहून जाईल.

तुमचं गणित वाटणीतच चुकलं. तुम्ही कामं वाटली पण शेतकरी म्हणजे काय, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब, त्यात काय काय येतं हे चौघांनी बसून एकदाही ठरवलं नाही, मग प्रत्येकानं आपापला शेतकरी केला.

आता दोन दिवस लॅपटॉप बंद ठेवा. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापा, एका क्लासला, म्हणजे कोडातल्या शेतकरी, पट्टी अशा एकेका घटकाला, एक कार्ड. वर नाव, डावीकडं त्याचं काम, उजवीकडं त्याला कुणाची मदत लागते ते. ही सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डं केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989 मध्ये मांडली, तीही असा ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचार शिकवायलाच. मग नाटक करा. एकजण आवक, एकजण पट्टी, असे कार्डं हातात घेऊन बसा, सोयाबीनचे 30 कट्टे आले, काट्यावर 18 क्विंटल 40 किलो भरले, आता हमाली कोण काढणार? इथं हमखास भांडण होतं आणि व्हायलाच पाहिजे. माझा अंदाज, तुमच्या स्क्रीनवाल्यानं हमालीचा दर सेव्ह बटणाच्या कोडातच लिहून ठेवला असेल, उद्या दर बदलला की शोधत बसा! ते काम पट्टीचं. स्क्रीननं फक्त विचारायचं, शेतकऱ्याच्या हातात किती पडतात, आतला हिशोब तिला कळायची गरजच नाही. एन्कॅप्सुलेशनची व्याख्या तुम्ही पाठ केली असेल, ती हीच.

अजून एक. शेतकरी, व्यापारी, हमाल हे सगळे व्यक्ती क्लासची लेकरं, म्हणजे त्याच्यापासून निघालेले क्लास, करायचा मोह सगळ्यांनाच होतो, मीही शिकत असताना केलं होतं. पण मोंढ्यात खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याचंच स्वतःचं सोयाबीन विकायला आलं तर तो कोण? एकच माणूस दोनदा नोंदवणार का? त्यापेक्षा माणूस एकच ठेवा आणि विकणारा कोण, घेणारा कोण हे त्या सौद्यात लिहा.

कार्डं पक्की झाली की मेथडची, म्हणजे क्लास करतो त्या कामांची, नावं आणि त्या काय परत देतात तेवढं इंटरफेसमध्ये लिहून चौघांनी मान्य करा. वजनाचा क्लास तयार नसला तरी पट्टीवाल्यानं थांबायचं नाही, तोवर खोटा क्लास लावायचा जो कायम 18.40 क्विंटलच देतो. आणि गिटवर, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र ठेवायच्या साधनावर, रोज संध्याकाळी आपापला कोड मर्ज करा, थोडं का असेना. शेवटच्या रात्री चौघांचा कोड एकदम ओतला की काय होतं ते तू आत्ताच बघितलंयस.

लॉगिनवाल्याला पट्टीच्या टेस्ट लिहायला बसव, त्याचं काम तसंही लवकर संपलं असेल. आणि कार्डं फेकू नका, परीक्षक क्लास डायग्राम मागतीलच, ती त्यावरूनच काढा.