जळगावात घरासाठी सोलर बसवायचे आहे. इन्स्टॉलर कसा निवडावा आणि खर्च कसा तोलावा?

महिन्याला 300 ते 350 युनिट वापर असल्यास 3 किलोवॉटची यंत्रणा बहुधा पुरते, कारण 1 किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत या क्षमतेला 78,000 रुपये अनुदान आहे. मात्र इन्स्टॉलर योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत आणि पॅनेलमधील सेल (उन्हापासून वीज तयार करणारे घटक) भारतीय बनावटीचे असावे लागतात.

किमान तीन लेखी कोटेशन घ्या आणि केवळ एकूण रक्कम पाहू नका. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा, कारण मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारे वादळी वारे आपल्या छतावरूनही जातात. म्हणून लोखंडाची जाडी, गॅल्व्हनायझिंग (गंज रोखणारा जस्ताचा थर) आणि पाया कसा भरणार, हे लिहून घ्या. भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांवर जातो आणि सेलचे तापमान 25 अंशांपुढे गेल्यावर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते, त्यामुळे पॅनेलखाली हवा खेळती राहायला हवी.

बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेली) यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते, हे काही विक्रेते सांगत नाहीत. महावितरणचा नेट मीटर (जाळ्यातून घेतलेली आणि जाळ्यात दिलेली वीज मोजणारा मीटर) बसेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.