वाचकांचे प्रश्न: ‘रन’ कुठे कुठे पळतो?

प्रश्न: ताई, इंग्लिश बातम्या वाचायची सवय लावून घेतेय पण ‘रन’ या एका शब्दाने पार वैताग आणलाय. शाळेत रन म्हणजे पळणे एवढंच शिकलो आणि इथे बघावं तर कुणाचं नाक रन होतंय, कुणी कंपनी रन करतंय, कुणी अध्यक्षपदासाठी रन करतोय आणि बँकेवर रन आलाय म्हणे. डिक्शनरी उघडली तर नोंद संपता संपेना. एवढे सगळे अर्थ पाठ करायचे का?

उत्तर: अजिबात नको. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही ते सगळे सांगता येणार नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीचे एक संपादक पीटर गिलिव्हर या एका शब्दावर नऊ महिने बसले होते आणि शेवटी अर्थ निघाले ६४५, तेही नुसत्या क्रियापदाचे, नाम वेगळंच. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता, १९२८ ला पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद त्याचीच होती. मग रन पुढे कसा गेला? मुख्य कारण यंत्रं. आधी माणसं, जनावरं आणि नद्या पळायच्या, मग गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, इंजिनं आली, आता सॉफ्टवेअर आलं आणि जे जे नवीन यंत्र आलं त्याच्या चालण्यालाही लोक रनच म्हणत गेले.

आपल्याकडे असा शब्द नाही असं समजू नका. ‘चालणे’ घ्या. माणूस चालतो, घड्याळ चालतं, दुकान चालतं, सिनेमा चालतो, जुनी नोट चालत नाही, घरात त्याचं काही चालत नाही आणि वर परत ‘चालेल’ म्हणजे हो! हे आपण कुठे पाठ केलं? कोण चालतंय ते बघितलं की कळतं. रनचंही तसंच करा, आधी रन कोण किंवा काय करतंय ते बघायचं. पाय असलेलं काही असेल तर पळणं. पातळ काही असेल तर वाहणं, म्हणजे नळ, नदी, नाक, आणि धुताना कपड्याचा रंग जातो तोसुद्धा. यंत्र, संस्था, कार्यक्रम, करार असं काही असेल तर आपलं चालणं किंवा चालवणं. नाटक तीन वर्षं रन झालं म्हणजे चाललं, ती कंपनी रन करते म्हणजे चालवते. बहुतेक सगळं या तीन खणांत बसतं कारण मुळात अर्थ एकच आहे, मध्ये न अडता पुढे जात राहणं. टक्कल घराण्यात रन होतं तेही असंच, पिढ्यानपिढ्या पुढे जातं. (न थांबणाऱ्या वाक्यालाही इंग्लिशमध्ये रन-ऑन म्हणतात, माझी वाक्यं बघताय ना.)

निवडणुकीचं मात्र गमतीशीर आहे. उमेदवार अमेरिकेत पळतो आणि ब्रिटनमध्ये उभा राहतो, तिथे ‘स्टँड’ म्हणतात. आपणही निवडणुकीला उभंच राहतो.

आणि बँकेवरचा रन, त्यात बँक पळत नाही, लोक बँकेकडे पळतात. बँक बुडणार अशी कुणकुण लागली की सगळे एकदमच पैसे काढायला येतात, आता बँकेने तुमचे पैसे पुढे कर्जाने दिलेले असतात त्यामुळे सगळ्यांना एका दिवसात द्यायला रोकड कुठून असणार, म्हणून बरी चाललेली बँकसुद्धा अशा गर्दीने खाली बसू शकते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर रांगा लागल्या होत्या तो असाच रन.

खरी डोकेदुखी रनच्या मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांची आहे आणि तिथे खण वगैरे कामाला येत नाहीत, आख्खा तुकडाच लक्षात ठेवावा लागतो. ‘रन इंटू’ भिंतीला झालं तर धडक, मित्राला झालं तर अचानक भेट. मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे वेळेपेक्षा लांबली, पण गाडी कुणावर रन ओव्हर झाली तर अंगावरून गेली. दूध संपलं की आपण ‘रन आउट ऑफ मिल्क’, क्रिकेटमधला रन आउट वेगळा. बॅटरी ‘रन डाउन’ होते म्हणजे उतरते, माणूस रन डाउन वाटतोय म्हणजे थकलाय, आणि कुणाला रन डाउन करणं म्हणजे त्याला नावं ठेवणं, किंवा गाडीने उडवणं! असा तुकडा भेटला की वाक्यासकट वहीत लिहून ठेवा, सुटा लिहिलात तर उपयोग नाही.

प्रश्न: ताई, ‘आय हॅव रॅन’ बरोबर की ‘आय हॅव रन’?

उत्तर: आय हॅव रन. रन, रॅन, रन. रॅन फक्त साध्या भूतकाळात, हॅव-हॅज-हॅड आलं की परत रन. आणि एक सांगते, ‘आय हॅव द रन्स’ असं कुणाला अभिमानाने सांगू नका, त्याचा अर्थ जुलाब लागलेत असा होतो.

प्रश्न: मॅडम, नवीन ऑफिसमध्ये बॉस सारखे ‘ड्राय रन’, ‘रन-ऑफ-द-मिल’, ‘रन इट बाय मी’ म्हणतात. मी मान हलवतो पण कळत काहीच नाही.

उत्तर: ड्राय रन म्हणजे रंगीत तालीम, खरं काम व्हायच्या आधी एकदा सगळं करून बघणं. रन-ऑफ-द-मिल हे कौतुक नाहीये हं. गिरणीतून निघालेला, निवड न केलेला माल तो, म्हणजे सामान्य, चारचौघांसारखा. तुमच्या प्रेझेंटेशनला असं म्हणाले असतील तर ते पुन्हा नव्याने करा. आणि ‘रन इट बाय मी’ म्हणजे पुढे पाठवायच्या आधी मला दाखव, माझं मत घे. तिथे मान हलवून थेट क्लायंटला मेल टाकलात तर पंचाईत होईल, आधी कच्चा मसुदा बॉसकडे न्या.