क्लिनिकचा फोन आला की मी मोबाइल उलटा ठेवते

‘ताई, वय ३६, लग्नाला नऊ वर्षं. सांगली जिल्ह्यात शिक्षिका आहे, मूल व्हावं म्हणून आयव्हीएफचे (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याचे) उपचार पुण्याला. दोनदा पिकअप (बीजं काढणं) झालं, तीन ट्रान्स्फर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) झाले, तिन्ही वेळा बीटा (दिवस राहिल्याची रक्ततपासणी) निगेटिव्ह. एफडी मोडली, पाटल्या गहाण आहेत. दोन भ्रूण अजून फ्रीजिंगला आहेत. दिवाळीनंतर या म्हणाले होते, मी गेलेच नाही. पाच महिने झाले. घरी खोटंच सांगितलंय की डॉक्टर थांबा म्हणालेत. सासूबाई म्हणतात, एवढं केलंत तर अजून एकदा करून बघा. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मी कच खाल्ली का? आणि मी टेन्शन घेते म्हणून राहत नाही, असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का? मला अगं-तुगंच म्हणा.’

बाळ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, ते खरं नाही. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एक अभ्यास छापला होता. त्यात आधीचे १४ अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली होती. उपचाराआधी बाई किती तणावात होती, याचा त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या त्या फेरीत, दिवस राहण्याशी किंवा न राहण्याशी संबंध दिसला नाही. तू बाथरूममध्ये नळ सोडून रडलीस म्हणून तुझा एकही भ्रूण गेलेला नाही. ‘मन शांत ठेव, आपोआप होईल’ म्हणणाऱ्या बायका मायेनंच म्हणत असतील, पण त्यांच्या बोलण्यातला दोष तू पदरात घेऊ नकोस.

आता कच खाण्याबद्दल. मध्येच थांबणारी माणसं पैशामुळे थांबतात, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे ते बरंचसं खरंही आहे. आयव्हीएफचा खर्च बहुतेक विमा पॉलिसींमध्ये बसत नाही. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये हे उपचार मोफत सुरू झाले. पण बाकी ठिकाणी बहुतेकांना सोनं नाहीतर जमीनच आठवते. तरी हे पाहा. स्वीडनमध्ये काही सायकलींचा खर्च सरकार उचलतं, आणि तिथेही कितीतरी जोडपी ठरलेल्या सायकली पुऱ्या होण्याआधीच थांबतात. का थांबलात म्हणून विचारलं, तर ‘मनाला झेपेना’ हे कारण अगदी वरच्या क्रमांकावर येतं. खिशातून फारसं काही जात नसतानाही माणूस थकतो. मग तू तर पाटल्या ठेवून गेली होतीस.

आणि काय काय उचललंस ते तुझ्या लांब पत्रात तूच लिहिलं आहेस. पहाटेची एसटी. स्कॅनच्या दिवशी अर्धी रजा, आणि मुख्याध्यापकांना दर वेळी नवं कारण. सहलीला बर्फाच्या थर्मासमधून नेलेलं इंजेक्शन. पोटावरचे हिरवे-निळे डाग. ट्रान्स्फरनंतरचे ते दिवस, ज्यात जिना चढावा की नाही याचाही विचार करायचा. आणि तिसऱ्यांदा बीटाचा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा तू चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होतीस, आणि तास पुरा केलास. ते वाचताना माझे डोळे भरून आले. त्या दिवशी तुला कुणी बसवून पाणी दिलं नाही. क्लिनिकमधून पुढची तारीख मात्र आली. मला राग याचाच येतो. रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांनी दहा मिनिटं समोर बसून बोलावं, एवढी साधी गोष्ट अनेक ठिकाणी होत नाही, आणि पेशंट परत आली नाही की तिची हिंमत कमी पडली असं धरलं जातं. तिथल्या भिंतींवर बाळांचे फोटो असतात. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, तेव्हापासून आपण या उपचाराच्या यशाच्याच गोष्टी ऐकत आलो. थांबलेल्या जोडप्यांचा फोटो कुणी लावत नाही. म्हणून तुला वाटतं की तू एकटीच आहेस.

पण एक गोष्ट मला तुझ्याशी स्पष्ट बोलायची आहे. तू अजून थांबलेली नाहीस. तू पुढे ढकलते आहेस. दिवाळी झाली, मग वार्षिक परीक्षा, मग नणंदेच्या घरची वास्तुशांत. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हे ‘पुढे ढकलणं’ फार मोठ्या प्रमाणावर दिसलं आहे. थांबणं एकदा होतं, पुढे ढकलणं रोज करावं लागतं. ते तुला खातं आहे. त्यात घरी सांगितलेलं खोटं रोज सांभाळावं लागतं, ते वेगळंच.

यात एक दिलासा आहे. दोन भ्रूण जेव्हा गोठवले, त्या दिवशी त्यांचं वय थांबलं. तू पाच महिने श्वास घेतलास म्हणून ते म्हातारे होत नाहीत. या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, फक्त क्लिनिकचे वार्षिक पैसे भरावे लागतात. तू म्हणतेस, ते भरायची तुमची तारीख जूनमध्ये आहे. घाई आहे ती नव्या पिकअपची, कारण पुढे बीजं कमी होत जातात आणि त्यांची प्रतही उतरते. तेव्हा प्रश्न दोन आहेत. या दोन भ्रूणांचं काय करायचं? आणि ते नाही रुजले, तर पुन्हा पिकअप करायचं का? सासूबाईंच्या ‘अजून एकदा’मध्ये हे दोन्ही एकत्र गुंडाळलेलं आहे. तू ते सोडव. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं. दोन्हींना नाही म्हणालीस तरी चालतं. आणि हो, ट्रान्स्फर व्हायच्या आधी कधीही संमती मागे घेण्याचा हक्क त्याच कायद्यानं तुला दिला आहे, मग टेबलावर झोपलेली असलीस तरी.

डॉक्टरांना भेटशील तेव्हा ‘चान्स किती’ असं मोघम विचारू नकोस. माझ्या वयाच्या, तीन ट्रान्स्फर फसलेल्या शंभर बायकांपैकी तुमच्याकडे किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या, असं विचार. नुसता बीटा पॉझिटिव्ह आलेल्यांचा आकडा नको. आणि पुढे काय केलं तर वेगळं होईल, हेही विचार. ‘परत तेच करू’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडून फाइल बघून घे. क्लिनिकमुळे थकली असशील तर क्लिनिक बदलता येतं. तू स्वतः पुरी झाली असशील, तर तेवढं कारण पुरे आहे. ते सिद्ध करायला कुठल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

मिस्टर बोलत नाहीत, म्हणतेस. माझ्या सख्ख्या मावशीला साठ वर्षांपूर्वी बावीस उपास करायला लावले होते, काकांना कुणी साधं तपासलंही नाही. आता आपल्याला ठाऊक आहे की जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारणही असतं. तुझ्या नवऱ्यानं तपासण्या केल्या, सोबत आला, माणूस चांगला दिसतो. पण फाइल तुझ्या कपाटात, नंबर तुझा, इंजेक्शन तुला, आणि घरी खोटं बोलायचं तेही तूच. तो गप्प आहे कारण तुला दुखवायची भीती वाटते, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. चुकतही असेन. एका रविवारी घराबाहेर जा, कृष्णेच्या घाटावर बसा हवं तर, आणि त्याला खरं सांग: ‘डॉक्टर थांबा म्हणाले नाहीत, मी गेले नाही.’ मग त्याला बोलू दे. लगेच उत्तर नको. सासूबाईंना काय सांगायचं ते दोघांनी ठरवा, पण सांगू दे त्यालाच, त्याची आई आहे.

झोप लागत नाही, जेवण जात नाही असं तू लिहिलं आहेस. हे दोन-तीन आठवडे तसंच राहिलं तर समुपदेशकाकडे जा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. हळदीकुंकवाला, ओटभरणीला जायचं नसेल तर यंदा जाऊ नकोस. पुढच्या वर्षी बघता येईल.

राहिला क्लिनिकचा फोन. जूनच्या आत तो करावा लागेल, काहीही ठरलं तरी. तू करू नकोस. फाइल मिस्टरांच्या हातात दे आणि त्यांना करायला सांग.

तुझी,
ताई