दगडावर उलटी अक्षरं

प्रश्न : सर, माझी लेक पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकली. चित्रं विकली जात नाहीत, म्हणून जत्रेतल्या नाटकांची पोस्टरं आणि भजनांच्या आल्बमची मुखपृष्ठं करते. ‘यानं माझा हात बिघडेल,’ म्हणून परवा रडली. मोठ्या चित्रकारांनी असली कामं केलीत का?
– एक वडील, म्हापसा

उत्तर : केलीत, आणि तुमच्या लेकीसारखंच कुढत. अमेरिकेचा विन्स्लो होमर घ्या. जन्म १८३६, बॉस्टन. एकोणिसाव्या वर्षी तिथल्या बफर्ड यांच्या शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला. तेव्हा गाणी विकली जात ती कागदावर, स्वरलिपी छापून. लोक ती घरी नेऊन पियानोवर वाजवत. दुकानात गिऱ्हाइकाची नजर आधी मुखपृष्ठावर जाई. अशी मुखपृष्ठं होमर काढायचा.

काम किचकट. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरतं आणि शाई फक्त रेघांवर बसते. पण सगळं उलटं! विद्यार्थी असताना मी हौसेनं माझं नाव दगडावर सरळ लिहिलं. कागद उचलला तर अक्षरं आरशातल्यासारखी. मग ते नाव पुसण्यासाठी वाळू-पाणी घालून दगडावर दगड फिरवत अख्खी दुपार गेली, खांदे भरून आले. होमरनं हे दोन वर्षं केलं.

त्याला ती गुलामी वाटायची. फेब्रुवारी १८५७ मध्ये एकविसावं पूर्ण होताच तो बाहेर पडला आणि पुन्हा कुणाची नोकरी धरली नाही. साप्ताहिकांसाठी चित्रं काढणं मात्र पुढे जवळजवळ वीस वर्षं चालू होतं, आणि त्याच काळात तो तैलरंगही शिकला. त्याचं १८८५ मधलं हेरिंग मासळीच्या जाळ्याचं चित्र लेकीला दाखवा. होडीत दोघं मासेमार, मागे धुकट समुद्र, जाळ्यात चकाकणारी मासळी. पहाटे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे पाहिलेल्या माणसाला त्या वाकलेल्या पाठी लगेच ओळखू येतील. दोन गडद आकारांवर अख्खं चित्र तोलायची ती हिंमत काळ्या-पांढऱ्यात राबलेल्या हाताची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

बाजाराच्या कामानं हात बिघडत नाही. घाईनं बिघडतो. तेव्हा आठवड्यातली एक सकाळ तिला स्वतःच्या चित्रासाठी मोकळी ठेवू द्या, घरातली कामं त्या दिवशी दुसरं कुणी करील. आणि तिला पोस्टरवर सही करायला सांगा. होमरच्या त्या पुष्कळशा मुखपृष्ठांवर फक्त छापखान्याचं नाव असे, त्यामुळे त्याची कोणती हे अभ्यासकांना आज हुडकावं लागतं.

एखादं पोस्टर मला पाठवा. सहीसकट.